पेट्रोलचा वास आला की चावी काढायची

आजच्या गप्पा एका नळीवर. बोटाएवढी, रबराची, बॉनेटखाली दडलेली पेट्रोलची नळी.

सॅन स्टॉर्म नावाची गाडी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? दोन सीट, उघडं छत, फायबरग्लासची बॉडी, आत रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. १९९८ च्या आसपास आलेली ही स्पोर्ट्स कार चक्क आपल्या शेजारच्या गोव्यात बनायची. फार थोड्या बनल्या. त्यातली एक लातूरच्या माझ्या मित्राकडे आहे. गंजगोलाईत आली की पोरं फोटो काढायला धावतात.

मे महिन्यात आम्ही तिच्यातून नांदेडहून लातूरला निघालो होतो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडे मित्र म्हणाला, "पेट्रोलचा वास यायलाय का रे?"

मी म्हटलं, "कडेला घे अन् चावी काढ."

"अरे, ढाबा दोनच किलोमीटरवर आहे की."

नाही म्हणजे नाही. कारण सांगतो. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या नळीवर साधारण ३ बार, म्हणजे ४३-४४ पीएसआय दाब असतो. त्यामुळे भेग पडली की नुसतं थेंब थेंब गळत नाही, फवारा उडतो. जवळच तापलेला एक्झॉस्ट. वरून फायबरग्लास! पत्रा तापतो, फायबरग्लासमधलं रेझिन पेटतं.

उतरलो, लांब उभे राहिलो. बऱ्याच वेळाने बॉनेट उघडलं तर क्लिपच्या कडेला भेग, नळी ओली. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, वीसेक वर्षांचं रबर ते.

एव्हाना माणसं जमलीच. आपल्याकडे बॉनेट उघडलं की जमतातच. एका काकांना आधी बिडी विझवायला लावली. ते म्हणाले, "साबण चोळ बाबा, बंद होतंय." काकांचं अगदीच खोटं नाही हं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे टाकीच्या बारीक भोकाला तो तात्पुरता चालतो. पण दाबाच्या नळीवर साबण, एमसील, सायकलची ट्यूब, काहीच टिकत नाही. पंप चालू झाला की सगळं उडून जातं.

शेवटी टोचन करून गाडी लातूरला नेली. टोचन करताना दोन गोष्टी. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा जड होतो, जोर लावावा लागतो. आणि चावी फक्त स्टिअरिंग सुटेल इतकीच फिरवायची. 'ऑन'वर नेली की पंप क्षणभर चालतो आणि पुन्हा फवारा.

गॅरेजवाले भाऊ मीटरवर मिळणारा साधा पाइप घेऊन आले. तो कार्ब्युरेटरच्या गाडीचा, कमी दाबाचा. इंजेक्शनला नळीवर 'एसएई जे ३० आर ९' असं छापलेलं बघून घ्यायचं. त्याच्या आतल्या थराला इथेनॉलही सोसतं. क्लिपसुद्धा गुळगुळीत कडेची, इंजेक्शनवाली. खाचांची साधी क्लिप आवळली की रबर कापते, आमची भेग तिथूनच सुरू झाली होती.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा. इंजिन बंद केलं तरी नळीत दाब राहतो, तो हळूहळू सोडायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आणि एकच तुकडा बदलून थांबायचं नाही. त्याच वयाच्या बाकीच्या नळ्यांची भेग अजून दिसत नाही, एवढंच. खालची लोखंडी लाईनही गंजली आहे का, बघून घ्या. आम्ही सगळं रबर बदललं, एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्तात.

इथेनॉलचं म्हणाल तर आता पंपावर २० टक्के मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच लातूर-नांदेडचा ऊस टाकीत फिरून येतो, म्हणा ना! जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितलंय. त्यामुळे स्पोर्ट्स कारच कशाला, दारातली जुनी मारुती असली तरी बॉनेट उघडा. गार गाडीत नळी बोटांनी दाबा. कडक लागली, चिकट लागली किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर लगेच बदला.

नळीवरची छापील अक्षरं वाचता येत नसतील तर फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू.