सनई, सारंगी आणि आपला मंडप

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला 'संगीतातला आनंद आणि शोक' असा विषय दिला आणि वर "काका, दहा मिनिटांत आटपा, दूध गार होतं" अशी तंबीही दिली. मी गवई नाही. आयुष्यभर कानसेन राहिलो, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना आठवेल. १९८४ मध्ये इंदिराजी गेल्या तेव्हा रेडिओवरची नेहमीची गाणी बंद झाली आणि सारंगी सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे सारंगी लागली की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण गेलं रे?" बिचाऱ्या सारंगीचा काय दोष? तीच सारंगी ठुमरीला आणि नाचाच्या मैफलींना साथ करत आली होती. माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं वाद्य विरळा, म्हणून गवई तिला शेजारी बसवायचे. पंडित रामनारायण यांनी तर तिला साथीतून उचलून स्वतंत्र मैफलीत मानानं बसवलं. दुतोंडी न्याय बघा: आपण तिला मृत्यूच्या बातमीबरोबर ऐकलं आणि रडकी ठरवलं.

सनईचं नेमकं उलट. सनई म्हणजे मंगलकार्य, बारसं, लग्न. ज्यांच्या रेकॉर्ड आपल्या बहुतेकांच्या लग्नात वाजल्या ते उस्ताद बिस्मिल्ला खाँ मोहरमच्या आठव्या तारखेला बनारसमध्ये तीच सनई घेऊन उभ्याने निघत. दालमंडीपासून फातमानपर्यंत, सुमारे आठ किलोमीटर, डोळ्यांतून पाणी गळत असताना करबल्याच्या हुतात्म्यांसाठी नौहा वाजवत चालत. त्या दिवशी राग वाजवायचा नाही, हा नियम. २००६ मध्ये ते गेले आणि फातमानमध्येच त्यांना दफन केलं. वाद्य एकच, फुंकणारा माणूसही तोच.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात वर्गणी भरून चालणाऱ्या साहाय्यक मंडळ्या उभ्या राहिल्या. आजारपणात मदत आणि मेल्यावर नीट अंत्यसंस्कार, हे त्यांचं काम. म्हणजे मेंटेनन्स भरणारी सोसायटीच म्हणा. (थकबाकीदार तिथेही असणारच!) सभासद गेला की ब्रास बँड येतो. दफनभूमीकडे जाताना अगदी संथ, पाय ओढत चालावं अशी प्रार्थनागीतं. ड्रमचा आवाजही दाबलेला. दफन झालं, निरोप दिला, थोडं अंतर मागे आलं की ड्रम मोकळा होतो आणि बँड एकदम नाचरी चाल धरतो. मागून येणारे लोक छत्र्या उघडतात, रुमाल हलवतात, रस्त्यावर नाचतात. त्या लोकांना दुःख नसतं असं नाही. दुःख पोचवायला सगळे मिळून गेले, आणि परत यायचं तेही सगळ्यांनी मिळूनच. आपल्याकडे वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळ-मृदंगाच्या गजरात निघते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे फारसं परकं वाटणार नाही.

एवढं सगळं मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा म्हणजे, आपल्या गणपतीत, पाचव्या दिवशी सकाळी बी विंगमधले आपले पेटीवाले काका गेले त्या वर्षी. संध्याकाळी भजनाचा कार्यक्रम होता. ऑफिसात तातडीची बैठक झाली. "कार्यक्रम रद्द करा, लोक काय म्हणतील?" असं सर्वांत मोठ्यानं म्हणणारा मीच होतो. आरती साधेपणाने करू, बाकी काही नको, असं ठरतही आलं होतं.

दुपारी स्मशानातून परतल्यावर काकूंनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, यांनी पंधरा दिवस तालीम घेतलीय पोरांची. माईक लावू नका, पण भजन होऊ दे. पेटी घेऊन जा." कोपऱ्यात खोळ घातलेली पेटी होती. ती उचलून खाली आणताना माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही.

त्या संध्याकाळी डी विंगमधल्या आठवीतल्या मुलीनं पेटी धरली. पहिलं भजन फारच रडत-रडत झालं, ताल दोनदा सुटला. दुसऱ्याला टाळ जरा जुळले. चौथ्या-पाचव्या भजनाला मागची मंडळी टाळ्या धरू लागली, लय चढली आणि लहान पोरं तर मांडवात उड्याच मारायला लागली. मी त्यांना दटावायला उठलो आणि सहज वर नजर गेली. सुतकामुळे काकू खाली येणार नव्हत्या. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. पदर डोळ्यांना लावलेला होता आणि दुसरा हात कठड्यावर ठेका धरत होता. मी पोरांना काही न बोलता परत खाली बसलो.

भैरवी झाल्यावर नेहमीप्रमाणे प्रसाद वाटला. त्या वर्षी काकूंच्या घरचा नव्हता, एवढाच फरक.

ती पेटी काकूंनी नंतर सोसायटीलाच दिली. आज मघापासून तुमच्यासमोर ठेवली आहे ती तीच, आणि ती मुलगी आता नोकरीला लागली असून खास पुण्याहून वाजवायला आली आहे. ती माझ्याकडे रागानं बघते आहे, म्हणजे माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. दूध उतू जायच्या आत मी जागेवर जातो.