एस्प्लनेडची दुरुस्ती कोणासाठी?



देशातली पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी तेव्हाच्या कलकत्त्यात एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. २०१० साली तिला भारतीय रेल्वेच्या झोनचा दर्जा मिळाला. म्हणून हा प्रश्न आपल्याच घरातला आहे.

२०२४ मध्ये हुगळीखालून हावड्याची मेट्रो एस्प्लनेडला आली. २०२५ मध्ये सियालदाही जोडले गेले. दोन्ही टर्मिनसची गर्दी इथे गाडी बदलू लागली. जुने स्थानक मात्र चाळिशी ओलांडलेले.

वरती धर्मतलाचे बस टर्मिनस. प्रदूषणामुळे ते हलवा, असे उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. धूर कमी व्हावा, हे आम्हालाही मान्य आहे. पण बस लांब गेली, तर बोचके घेऊन उतरलेल्या म्हातारीने जायचे कसे?

आमचे म्हणणे साधे आहे. आधी बसपर्यंत छपराची वाट, लिफ्ट, स्वच्छतागृहे, रंगरंगोटी नंतर.

दुसरे, भुयारातले काम शेवटच्या गाडीनंतर, ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळाची वीज तोडून, पहाटेच्या आत उरकावे लागते. तिथे ठेकेदाराचा अप्रशिक्षित मजूर उतरवायचा आणि अपघात झाला की हात झटकायचे, हे आम्ही चालू देणार नाही.

आराखडा ठरवताना स्टेशन कर्मचारी, बसचे चालक-वाहक आणि प्रवासी यांना सोबत बसवा. गर्दी कुठे तुंबते, ते त्यांनाच ठाऊक असते.

कामगार-प्रवासी एकजुटीचा विजय असो!