कौले, हस्तिदंत आणि काळे तेल



गोव्याजवळच्या समुद्रात सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडक आहे. त्याच्या आसपास तळाशी मंगळुरी कौले पडली आहेत आणि त्यांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा ठसा आहे. कोकणात ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांनी पावसाळ्याआधी घर शाकारताना अशा ठशाची कौले हाताळली असतील. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचे साल. जहाज त्यानंतर बुडाले, एवढे त्यावरून नक्की होते. कोणताही बखरकार ज्याची नोंद घेणार नाही असा हा माल आहे, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

मांडवी-झुआरीच्या मुखाबाहेरच्या सुंची खडकावरचे अवशेष याहून जुने, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना तिथे हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानी रांजणांचे तुकडे आणि तोफा मिळाल्या. आफ्रिकेचा हस्तिदंत आणि चीनची भांडी एकाच जागी! गोव्याच्या बंदराचा पसारा केवढा होता, हे समजायला यापेक्षा वेगळे दफ्तर धुंडाळायला नको. लाकूड किड्यांनी आणि लाटांनी खाल्ले. उरले त्याने आजवर कुणाचे जाळे काळे केले नाही की मासळी नासवली नाही.

लोखंड आले, वाफेमागोमाग तेल आले, आणि हे चित्र बदलले. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक कॅरियर’ हे जहाज साठ हजार टनांहून अधिक कोळसा पोटात घेऊन मुंबईसमोर बुडाले. त्याच्या टाक्यांतले तेल पाण्यावर आले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. कांदोळीच्या वाळूत २००० साली रुतलेल्या ‘रिव्हर प्रिन्सेस’ने तिथून हलायला दशकाहून अधिक काळ घेतला. मे २०२५ मध्ये केरळसमोर ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले, त्यात ६४० कंटेनर होते. त्यांतले प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले. असे दाणे वाळूतून वेचायचे कसे, हे ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना विचारावे.

या दोन प्रकारच्या जहाजांमध्ये तिसरा एक प्रकार आहे, आणि आज मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली तेलवाहू आणि लढाऊ जहाजे एकाच वेळी इतिहास आहेत, कबरी आहेत आणि तेलाच्या टाक्याही आहेत. आपले कायदे वास्तूला आणि वस्तूला वारशाचा मान देतात तो साधारणपणे शंभर वर्षांनंतर. पाण्याखालच्या वारशाविषयीचा युनेस्कोचा २००१ चा करारही हीच अट घालतो. म्हणजे १९४४ साली बुडालेले जहाज २०४४ साली वारसा ठरणार. पण समुद्राच्या पाण्यात पोलाद ढोबळमानाने वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे झिजते, आणि जहाजाचा पत्रा असतो फार तर एक-दोन सेंटिमीटरचा. त्यातही रिव्हेट आणि सांधे आधी जातात. कायद्याची शंभरी भरते तेव्हाच नेमका पत्राही संपत आलेला असतो. ज्या दिवशी आपण त्याला जपायला जाऊ, त्या दिवशी ते फुटत असेल.

मायक्रोनेशियातल्या उलिथीच्या लगूनमध्ये हेच झाले. ‘मिसिसिनेवा’ हे अमेरिकी तेलवाहू जहाज २० नोव्हेंबर १९४४ रोजी तिथे बुडाले. २००१ मध्ये त्याचा ठाव लागला आणि त्याच वर्षी वादळानंतर तेल गळू लागले. ज्या बेटांचे पोट लगूनवर, तिथे मासेमारी थांबवावी लागली. २००३ मध्ये अमेरिकी नौदलाने सुमारे ६८ लाख लिटर तेल उपसले.

कबर न उकरता तेल काढता येते का? येते. ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमध्ये १४ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका ८३५ माणसांसह गेली. ती युद्धकबर मानली जाते. परवानगीशिवाय तिथे कुणी बुडी मारू शकत नाही. तरीही तिच्यातले तेल काढले गेले. टाकीच्या पत्र्यावर बाहेरून झडप घट्ट बसवायची, त्या झडपेतूनच पत्र्याला भोक पाडायचे, नळी जोडायची आणि तेल हळूहळू वर खेचायचे. आत माणसाने शिरायचे नाही. नौदलाचे पाणबुडे दरवर्षी तिथे खाली जाऊन निशाण बदलतात. आदर आणि पंप एकाच जहाजावर नांदू शकतात, हे तिथल्या लोकांनी करून दाखवले आहे.

आपल्याकडे या कामाची वाटणी झालेली आहे. पुरातत्त्वाचे लोक हस्तिदंत मोजतात, प्रदूषणाचे लोक तेल मोजतात आणि बंदराला फक्त वाट मोकळी हवी असते. मला हे मान्य नाही. अवशेष हटवण्याच्या निविदेत पुरातत्त्वज्ञाला जागा हवी, आणि उत्खननाच्या प्रस्तावात टाकीच्या पत्र्याची जाडी मोजण्याची तरतूद हवी. मोजणी एकदाच व्हावी, दोघांनी मिळून व्हावी.

आणि तिसरा माणूस आहे तांडेल. कुठे जाळे अडकते, कुठे ते फाटून तळाशीच राहते, कुठल्या जागी मासळी गोळा होते, हे त्याला पाठ असते. अशा जागी खाली कधीकधी जहाज असते. तळाशी अडकलेले नायलॉनचे जाळे पुढे कित्येक वर्षे मासे मारत राहते, हेही त्यानेच सोसलेले असते. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा पाण्यातून जिवंत माणसे काढणारे रेवसकडचे मच्छीमारच होते. ज्यांनी समुद्राशी एवढे नाते निभावले, त्यांना आपण सर्वेक्षणाच्या बैठकीला बोलावत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या बुडालेल्या जहाजांची एकच नोंदवही व्हावी. तिच्यात साल, माल, मृतांची माहिती, टाक्यांतले संभाव्य तेल आणि जागा सांगणाऱ्या तांडेलाचे नाव असावे. शंभर वर्षांची अट या नोंदवहीला नसावी. आपण सर्वांनी तो वाचून, हव्या त्या दुरुस्त्या सुचवून यावे, ही विनंती.