हातांची बालवाडी
(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



"बालवाडीत पोरं नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत," ही तक्रार आपल्या घराघरांतून ऐकू येते. तीन वर्षांच्या नातवाने एबीसीडी गिरवली की आपल्याला हायसे वाटते. बालशिक्षणाची सुरुवात मात्र खेळाने आणि हातकामानेच झाली. त्या इतिहासाची आज थोडी उजळणी करू.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. तिथे पाट्या-पुस्तके नव्हती. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोळा, ठोकळा, नळकांडे आणि आठ छोट्या ठोकळ्यांचा मिळून झालेला एक मोठा ठोकळा, ही त्यांची साधने. जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण आणि मातीकाम. यातून कारागीर घडवायचे नव्हते. आठ ठोकळे सुटे करून पुन्हा जोडताना 'अर्धा' आणि 'पाव' हे शब्द यायच्या आधीच मुलाच्या हाताला ते कळतात, हे फ्रोबेल यांनी ओळखले होते.

पुढे ही पद्धत जगभर गेली, पण बऱ्याच ठिकाणी तिची कवायत झाली. बाईंनी सांगायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकच घडी घालायची! रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढले, तेव्हा साधन निवडण्याची आणि त्यात हवा तेवढा वेळ रमण्याची मोकळीक त्यांनी मुलाला दिली.

तो विचार गुजरातेत रुजवला गिजुभाई बधेका यांनी. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील मुख्य पद सोडून त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. आपण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी माणसे. एका मराठी बाईने गुजरातीत काम करून तेच धन मराठीतही नेले, याचा आपल्याला विशेष अभिमान वाटायला हवा.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी गाठले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. खेड्यात माँटेसरींची महागडी साधने परवडणार कशी? मग चिंचोके, शंख-शिंपले, पाने, फुले, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी आली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तीही आज याच 'अंगणवाडी' नावाने घरोघरी ओळखली जाते.

आपल्या बडोद्याला हाताच्या कामाची थोरवी कोणी सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि त्याआधीच, १८९० मध्ये, कलाभवनही उभारले. ते कलाभवन आपल्या दांडिया बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आपल्या घरांतही ही बालवाडी होतीच. भातुकली, सागरगोटे, दिवाळीचा किल्ला, ठिपक्यांची रांगोळी, आजीशेजारी बसून वाती वळणे, मोदकाला कळ्या पाडणे. यात बोटांना वळण लागे, मोजणी होई, धीर येई. आणखी एक गोष्ट होई: हे सगळे मराठीत चाले. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना 'कळी', 'चिमूट', 'पाकळी', 'मुठ्ठाभर' हे शब्द आता कुठे भेटणार? पुस्तकातून पाठ केलेला शब्द विसरतो. हाताबरोबर आलेला राहतो.

म्हणून एक विनंती. उत्सवात आपण मुलांच्या चित्रकला आणि मातीकामाच्या स्पर्धा घेतो. बक्षिसासाठी अर्धे काम आईच करून देते आणि मूल बाजूला बसून राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गिजुभाईंचा तर शिक्षेइतकाच बक्षिसालाही विरोध होता. यंदा लहान गटासाठी स्पर्धेऐवजी मांडवात एक तास नुसती शाडूची माती ठेवू. नंबर नाही, परीक्षक नाही. आजी-आजोबांनी शेजारी बसायचे, मराठीत गप्पा मारायच्या आणि आपले हात मात्र आवरायचे! मुलाने केलेल्या गणपतीची सोंड वाकडी झाली, कान लहानमोठे झाले, तरी ती मूर्ती त्याची असेल. विद्येच्या देवतेला ती नक्कीच आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!