प्याल्याविषयी खरे बोलावे



व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी आजवर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय ऐकले असतील. परंतु वक्त्याने उभे राहून ‘आम्ही सध्या कोणती दारू पितो आणि ती आम्हांस कशी लागते’ हे सांगावे, असा प्रसंग बहुधा आला नसेल. विषय कळवला तेव्हा चालकांनी एकच अट घातली. पुढच्या रांगेत वडीलधारी मंडळी असतात, तेव्हा प्रचार नको, असे ते म्हणाले. ती अट आम्ही आनंदाने मान्य केली. आम्हांला प्रचार करावयाचा नाही; साक्ष द्यावयाची आहे.

‘आम्ही’ हा शब्द येथे वक्त्याचा बडेजाव म्हणून आलेला नाही. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर येथील आम्ही सहा स्नेही महिन्यातून एका शनिवारी दादरला एका दांपत्याच्या घरी जमतो. बाटली एक, माणसे सहा. दोनदा थोडे थोडे ओतले जाते. मग बाटली कपाटात आणि पाने वाढली जातात. आमच्यापैकी एक जण थेंबही घेत नाहीत. ते नुसता वास घेतात. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहेच.

सध्या आमच्या मेजावर आहे ती बर्बन. हे नाव काढले की मुंबईच्या मुलांना चॉकलेटी मलईचे बिस्किट आठवते. दोन्ही नावे फ्रान्सच्या राजघराण्यावरून आलेली, नाते तेवढेच. ही बर्बन अमेरिकेची व्हिस्की. तेथील कायद्याप्रमाणे ती अमेरिकेतच तयार झाली पाहिजे. तिच्या धान्यात निदान 51 टक्के मका पाहिजे. भट्टीतून उतरताना मद्यार्क 80 टक्क्यांहून अधिक नको, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांहून अधिक नको. आणि ते पिंप नवे कोरे, ओकच्या लाकडाचे, आतून जाळून कोळसा केलेले पाहिजे. तिचा तांबूस रंग, तिचा गोड वास, हे सारे त्या जळक्या लाकडाचे देणे. लाकडातील साखर आचेने करपते आणि ती पुढे वर्षानुवर्षे मद्यात उतरत राहते. एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग अशी पुष्कळ पिंपे स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते. एकीचे जुने भांडे दुसरीच्या संसाराला येते, तसाच हा प्रकार. 2025 च्या फेब्रुवारीत भारत सरकारने बर्बनवरील आयात जकात 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणली. तरीही ही चैन एकट्याच्या खिशाला परवडणारी नव्हे. म्हणून सहा जणांची वर्गणी.

आमच्या बैठकीचा नियम असा की, प्रथम कोणी काही बोलावयाचे नाही. वास घ्यावा, घोट घ्यावा, दोन थेंब पाणी घालून पुन्हा घ्यावा, आणि प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहून ताटलीत टाकावे. पहिले वर्षभर या चिठ्ठ्यांवर आम्ही काय लिहीत होतो? व्हॅनिला, टॉफी, मेपलचे पाणी! इंग्रजी पुस्तकांतून शिकलेले शब्द. आमच्यापैकी एकानेही मेपलचे झाड पाहिलेले नव्हते. आम्ही दुसऱ्याच्या जिभेने चाखत होतो.

एके दिवशी यजमानीणबाईंनी फर्मावले, ‘जे आपल्या स्वयंपाकघरात नाही, ते चिठ्ठीवर लिहावयाचे नाही.’ त्या दिवसापासून खरी मजा सुरू झाली. गेल्या बैठकीतल्या चिठ्ठ्या सांगतो. गिरगावकरांनी लिहिले, ‘काकवी; मागाहून श्रीखंडातले जायफळ.’ परळचे आमचे औषधविक्रेते स्नेही म्हणाले, ‘आरंभ गोड, शेवट कच्च्या सुपारीसारखा तुरट.’ यजमानीणबाईंना नव्या कपाटाचे दार उघडल्यावर येतो तसा वास आला. यजमानांनी लिहिले, ‘घसा जळला. बाकी काही कळले नाही.’ आणि लालबागच्या स्नेह्यांनी लिहिले, ‘दालचिनी आहे, पण भाजताना हात चुकला, कडेने करपली.’ हे लालबागचे गृहस्थ म्हणजेच ते न पिणारे. त्यांचे आयुष्य मसाल्याच्या डंकावर गेले. मिरची कोणत्या आचेवर भाजली हे ते पुडी न उघडता सांगतात.

सहा माणसे आणि पाच मते. सहावे मत वक्त्याचे, ते काकवीच्या बाजूला पडले. पण लक्षात घ्या, यजमानांच्या ‘घसा जळला’ या मतालाही ताटलीत तीच जागा होती.

आमची फजितीही सांगितली पाहिजे. एका शनिवारी यजमानांनी एका मोठ्या विलायती बाटलीत साधी, स्वस्त देशी बनावटीची व्हिस्की भरून आणली. चिठ्ठ्यांवर स्तुतीचा पूर लोटला. कोणाला त्यात मध लागला, कोणाला सुके अंजीर. फक्त एका चिठ्ठीवर दोनच शब्द होते, ‘उसाची मळी.’ ती चिठ्ठी डंकवाल्यांची. आपल्याकडील स्वस्त व्हिस्कीत बहुधा मळीपासून काढलेला मद्यार्क असतो, आणि म्हणूनच युरोपात तिला व्हिस्की या नावाने विकता येत नाही. ज्याने घोटही घेतला नाही त्याने खरे सांगितले, आणि ज्यांनी घेतला ते बाटलीवरचा कागद चाखत बसले. त्या रात्री आमची मान खाली गेली ती बरेच दिवस वर आली नाही.

आता जरा मागे जाऊ. आम्ही ज्या चिठ्ठ्या लिहितो, तशी चिठ्ठी छापून वाटणे हा या शहरात एकेकाळी गुन्हा होता. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आपणांपैकी वृद्धांना आठवत असेल. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. आणि 1950 च्या एप्रिलपासून राज्यात संपूर्ण दारूबंदी. त्या कायद्याने पिणे, बाळगणे, विकणे तर बंद केलेच. पण त्याच्या 23 व्या आणि 24 व्या कलमांनी मादक पदार्थाची ‘प्रशंसा’ करण्यासही मनाई केली होती. म्हणजे ‘काल घेतली ती बरी होती’ एवढे उद्गारही कायद्याच्या कक्षेत!

या कायद्याला मुंबईच्या एका पारशी नागरिकाने, फ्राम नसरवानजी बलसारा यांनी, न्यायालयात आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांबरोबर ओ-द-कोलोन आणि लव्हेंडरचे पाणी वापरण्याचाही आपणांस हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 मे 1951 रोजी निकाल लागला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. कायद्याचा मोठा भाग कायम राहिला. परंतु औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांच्या वापरावरील बंदी टिकली नाही. आणि ‘प्रशंसा’ हा शब्दही टिकला नाही. घटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याशी तो विसंगत ठरला. दारू पिण्याचा हक्क बलसारांना मिळाला नाही. तिच्याविषयी बोलण्याचा हक्क मात्र सर्वांना मिळाला. आम्हांला हा निकाल फार मोलाचा वाटतो. कारण प्रशंसेचा हक्क म्हणजेच निंदेचा हक्क. ज्या वस्तूला चांगली म्हणता येत नाही, तिला ‘ही वाईट आहे’ असे विश्वासाने कोण म्हणणार?

बोलण्याचा हक्क मिळाला, तरी खरे बोलण्याची सवय लागली नाही. त्याचे कारण परमिट. वैद्यकीय दाखला आणावा आणि प्रकृती राखण्यासाठी आपणांस मद्याची गरज आहे असे कागदावर कबूल करावे, मग ते मिळे. धडधाकट माणसे मद्यासाठी आजारी होत. अमेरिकेतही 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात हेच घडले होते. तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळे. मुंबईत 1960 नंतर बंदी सैल होत गेली, तरी ‘परमिट रूम’ हे नाव पाट्यांवर राहिले, आणि परमिटाची तरतूदही कायद्यात राहिली. साध्या गोष्टीसाठी खोटे बोलण्याची ही सवय आम्हांला दारूइतकीच घातक वाटते.

ज्यांना असे परमिट मिळवता आले नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर, खाडीकाठची भट्टी. मोटारीच्या ट्यूबांतून माल शहरात येई आणि नवटाक, पावशेर या मापाने खपे. त्या मालाला ना नाव, ना कागद.

लालबागच्या स्नेह्यांचे वडील याच मालाने गेले. ते गिरणीत साचेवाले होते. एका बैठकीत आम्ही सुपारी की काकवी यावर रंगून वाद घालत होतो. आमचे स्नेही हातातला कोकम सरबताचा पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही चवी मोजता. आमची आई पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी उभी राहून मिनिटं मोजायची. बाप नाक दाबून एका दमात घ्यायचा, वर मीठ चाटायचा. माझ्या बापाला जन्मात कुणी विचारलं नाही, की चव कशी लागते म्हणून.’

यावर आम्हांला काही बोलता आले नाही. त्या रात्री दुसरी फेरी झाली नाही.

पुष्कळ दिवस त्या वाक्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीचा लावीत होतो. जो चव घेतो तो बुडत नाही, जो नाक दाबतो तो बुडतो, असा. पण ‘एकच प्याला’ वाचलेल्या मराठी माणसाने तरी स्वतःची अशी समजूत घालू नये. 1919 साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, ते नाटक रंगभूमीवर आले. त्यातले तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आठवा. तेथे चर्चेला काय तोटा होता! तत्त्वज्ञान होते, विनोद होता, एकोपा होता. फक्त एक गोष्ट नव्हती. ‘आता पुरे’ हे शब्द त्या मंडळात कोणाला उच्चारता येत नव्हते. सिंधूच्या घरी काय चालले आहे हे तेथे कोणी विचारीत नव्हते. दारूविषयी पुष्कळ बोलणे निराळे आणि दारूविषयी खरे बोलणे निराळे.

खऱ्या बोलण्याचा उपयोग काय, तेही अमेरिकेच्या इतिहासातच सापडते. एकोणिसाव्या शतकात तेथे व्हिस्कीच्या नावाखाली कोरा मद्यार्क रंगवून, तंबाखूचे पाणी घालून विकला जाई. केंटकीच्या कर्नल टेलर यांच्यासारख्या भट्टीवाल्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 1897 मध्ये कायदा झाला. एका भट्टीचा, एका हंगामाचा माल. सरकारी देखरेखीच्या वखारीत निदान चार वर्षे ठेवलेला. 50 टक्के मद्यार्काचा. आणि बाटलीवर भट्टीची स्पष्ट ओळख. म्हणजे माल वाईट निघाला तर कोणाचा कान धरावयाचा हे गिऱ्हाइकाला ठाऊक.

आपल्याकडे 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. मारेकरी होते मिथेनॉल. ते पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते. प्रथम दृष्टी जाते आणि मग प्राण. जिभेला ते साध्या मद्यार्काहून वेगळे लागत नाही. आमच्या डंकवाल्यांचे नाकही येथे हात टेकील. तेथे माणसाला वाचवते ती चव नव्हे. ज्याच्यावर बनवणाऱ्याचे नाव आहे तो कागद, उजेडातले दुकान आणि तपासणारा प्रामाणिक अधिकारी. या तिन्ही गोष्टी तेव्हाच निर्माण होतात, जेव्हा समाज त्या वस्तूविषयी तोंड न लपवता बोलतो. मालवणीत मेलेल्यांच्या प्याल्याविषयी, ते मरेपर्यंत, कोणीच बोलत नव्हते.

म्हणून आमची साक्ष एवढीच. कोणी प्यावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या घटनेच्या 47 व्या कलमात राज्याने मद्यनिषेधासाठी झटावे असे सांगितले आहे. त्यामागचे दुःख खरे आहे, आणि ते दुःख आमच्या मेजाशी दर महिन्याला येऊन बसते. परंतु जो पितो त्याने, आणि जो पीत नाही त्यानेही, प्याल्याविषयी खरे बोलावे. चांगले ते चांगले म्हणावे, मळीला मळी म्हणावे, घसा जळला तर जळला म्हणावे.

आमच्या बैठकीत आता एक नवा नियम आहे. सहांपैकी कोणीही एकाने ‘पुरे’ म्हटले की बुच लावावयाचे. कारण विचारावयाचे नाही. आणि बाटलीच्या कपाटाची किल्ली न पिणाऱ्या स्नेह्यांकडे असते. त्यांना एकदा आम्ही विचारले, ‘आपण येथे का येता?’ ते म्हणाले, ‘इथं कुणीतरी चव विचारतं.’