जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर: एका वहीची गोष्ट



मी मराठी साहित्याची प्राध्यापिका. आज मात्र मी सर्व्हरविषयी बोलणार आहे, आणि हा विषय मला एका विद्यार्थ्याने शिकवला, हे आधीच सांगते.

मी काकतीची. काकती म्हटले की राणी चन्नम्मांचे माहेर आठवते, आणि हमरस्त्याने जाणाऱ्याला दिसतात ते आमच्या आणि होनग्याच्या शिवारातले कारखाने. अशाच एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी नेटवर्क सांभाळतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळे इंग्रजीतून, बाजारात आणि कचेरीत कन्नड. आपल्या सीमाभागातल्या बहुतेक मुलांचा हाच प्रवास असतो. त्याचे नाव सांगत नाही. त्यालाही ते आवडणार नाही.

गोष्ट 2015 ची आहे. आमच्या महाविद्यालयात एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्या संगणकांचा कारभारी. कोण आत येऊ शकतो, कोणाला कोणती फाइल दिसते, छपाई कुठे होते, याचा हिशेब तो ठेवतो. आमच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2003 ही प्रणाली होती. 14 जुलै 2015 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला. म्हणजे यंत्र बंद पडले नाही, पण त्यात पुढे कुठे भगदाड सापडले तर ते बुजवायला कोणी येणार नव्हते. राहते घर, पण शाकारणी कायमची बंद, असा तो प्रकार. तेव्हा नव्या प्रणालीवर जाणे भाग होते, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन हे काम करून द्यायला हा विद्यार्थी तयार झाला.

तो स्वतः 2003 च्या प्रणालीवर शिकलेला. पुढच्या प्रणालीसाठी त्याला पुन्हा अभ्यास करावा लागला होता. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटली. मायक्रोसॉफ्टची 70-648 क्रमांकाची एक परीक्षा होती. ज्यांच्याकडे 2003 चे प्रमाणपत्र आहे, त्यांनी 2008 च्या प्रणालीसाठी ती द्यायची. पुढे 2012 साठी 70-417 आली. या परीक्षांत सगळे पहिल्यापासून विचारत नाहीत. तुला जे येते ते येतेच असे धरून चालतात, आणि जुन्या-नव्यातला फरक तेवढा विचारतात. मी तिला 'फरकाची परीक्षा' म्हणते. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलला की आपण एक तर सगळे जुने टाकून देतो, नाही तर मुखपृष्ठ बदलून तेच शिकवतो. नेमका फरक काय, हे कागदावर उतरवायचे कष्ट घेत नाही.

त्या फरकात काय होते? एक म्हणजे 64-बिटचा मामला. 2008 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हर फक्त 64-बिटचा झाला, आणि 32-बिटच्या जुन्या प्रणालीवरच नवी चढवणे शक्य राहिले नाही. नवे यंत्र शेजारी उभे करायचे आणि कारभार त्याच्याकडे सोपवायचा, हाच मार्ग. दुसरे म्हणजे हायपर-व्ही, एकाच यंत्राच्या पोटात अनेक सर्व्हर चालवण्याची सोय. तिसरे 'सर्व्हर कोअर': खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, क्लिक करायला जवळजवळ काही नाही, आज्ञा लिहायची. आणि त्या आज्ञांची भाषा पॉवरशेल.

इथे माझे कान टवकारले. पॉवरशेलला व्याकरण आहे. प्रत्येक आज्ञेत आधी क्रियापद, मग जोडरेघ, मग नाम. 'गेट-सर्व्हिस', 'स्टॉप-सर्व्हिस'. क्रियापदे कोणती वापरावीत याची मान्य यादी आहे. तो मला म्हणाला, "मॅडम, दहावीच्या वर्गात तुमच्यासारख्या बाईंनी क्रियापद ओळखा, नाम ओळखा म्हणून इतकं पिडलं नसतं, तर मला हे जमलंच नसतं की ओ." बरोबरच्या मुलांना आज्ञा पाठ कराव्या लागत. हा नवी आज्ञा पाहिली की तिचा अर्थ लावायचा. तेव्हा व्याकरण काय कामाचे, असे मुलांनी विचारले तर आता माझ्याकडे एक उत्तर आहे. इतकी वर्षे सर्व्हर सांभाळणारा माणूस क्लिक करत होता, आता त्याला लिहावे लागते. हे कौशल्य वाढवणे म्हणजे थोडेफार साक्षर होण्यासारखेच आहे.

या अभ्यासासाठी त्याने एक वही केली होती. दोनशे पानी, शाळेत मिळते तशी. ती मराठीत होती. स्वतःसाठी आणि कारखान्यात हाताखाली आलेल्या एका मुलासाठी त्याने ती लिहिली होती. त्याच्या परवानगीने तिच्यातला काही भाग सांगते.

सर्व्हरच्या कारभारात पाच खास कामे असतात. पूर्ण कारभारात नोंदींचे रकाने कोणते असावेत हे ठरवणारा एक, नव्या शाखेच्या नावाला मंजुरी देणारा एक. ही दोन कामे सगळ्या कारभाराला मिळून असतात. मग प्रत्येक शाखेत तीन: नव्या नोंदींसाठी क्रमांकांचे गठ्ठे वाटणारा, पासवर्डचे बदल आणि घड्याळाची वेळ सांभाळणारा, आणि दुसऱ्या शाखेतल्या माणसांचे संदर्भ ताजे ठेवणारा. एक काम एका वेळी एकाच सर्व्हरकडे. इंग्रजी पुस्तकात याची लांबलचक नावे आहेत. त्याने वहीत मथळा दिला होता: 'पाच वतनं'. पुढे लिहिले होते:

"वतन दोन प्रकारे हलतं. पहिला प्रकार: जुना जिवंत आहे, तो स्वतः सोपवतो. हे चांगलं. दुसरा प्रकार: जुना मेला, म्हणून नव्यानं ताबा घेतला. हे नाइलाजानं. असं केलं तर जुन्याला परत कधी उठवू नये. उठला तर दोन पाटील होतात आणि गाव नासतं."

मित्रहो, इंग्रजी पुस्तकात याला 'ट्रान्सफर' आणि 'सीझ' असे शब्द आहेत. ते शब्द मुलांना परके नसतात, पाठही होतात. अडते ते दोन्हींतला भेद आणि त्याचा परिणाम समजण्यात. तो या चार ओळींनी समजतो. कोणताही नवा पारिभाषिक शब्द न घडवता समजतो. सर्व्हर हा सर्व्हरच राहिला, बॅकअप हा बॅकअपच राहिला. मराठी झाली ती वाक्ये. आपण परिभाषेवर पुष्कळ वाद घालतो. ज्ञानभाषा शब्दांच्या यादीने होते की वाक्यांनी, हा प्रश्न मला त्या वहीने विचारला.

आणखी एक उतारा:

"जुना सर्व्हर लगेच मोडीत घालू नये. सगळं सोपवून झालं की आधी नुसता बंद करावा. बंद केल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याला चिकटवावी. आठ-पंधरा दिवस कुणी ओरडलं नाही तर परत चालू करून रीतसर निरोप द्यावा. फार दिवस बंद ठेवून विसरू नये, नंतर त्याला आत घेता येत नाही. आणि बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नव्हे. परत उघडून बघितला तरच तो बॅकअप."

या शेवटच्या वाक्यापाशी माझी स्वतःची गोष्ट सुरू होते.

पीएच.डी.च्या काळात आणि नंतरही मी काकती, होनगा, कडोली, कंग्राळी या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. शेकडो ओव्या. काही बायका एकाच ओवीत मराठी आणि कन्नड दोन्ही शब्द घालत. तेव्हा जे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर मिळत होते, त्यात मी त्या टाइप केल्या आणि विभागाच्या फोल्डरमध्ये, सर्व्हरवर, ठेवल्या. एका डिस्कवर प्रतही काढली. निश्चिंत झाले.

सर्व्हर नवा झाला, पाठोपाठ विभागाचे संगणकही 64-बिटचे आले. मी फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे. डिस्क लावली, तिथेही तेच. त्या जुन्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागे एक कुलूप लावावे लागे, आणि त्या कुलपाचा ड्रायव्हर 64-बिटवर चालेना. मी त्याला फोन केला. माझा आवाज कापत होता. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. पुन्हा कोणाच्या ओसरीवर जाऊन बसणार?

तो म्हणाला, "घाबरू नका की ओ मॅडम. फाइल शाबूत आहे. वाचणारा गेलाय."

मग त्याने मला समजावले. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे मुळात नव्हतीच. संगणकाच्या लेखी मी इंग्रजी अक्षरेच टाइप करत होते. फॉन्ट त्यांना मराठी चेहरा चढवत होता. मुखवटा गेला आणि खालचे उघडे पडले. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. याउलट युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीसाठी 128 जागांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या 'इस्की' या प्रमाणाच्या 1988 च्या रूपावर आधारलेली आहे. फॉन्ट कोणताही असो, क तो क.

महाविद्यालयाच्या अडगळीत एक जुना संगणक होता. त्यावर ते सॉफ्टवेअर चालले. आम्ही ओव्यांची छापील प्रत काढली, आणि मग कोणत्या खुणेमागे कोणते अक्षर याचा तक्ता त्याने केला. तरीही काम सरळ नव्हते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्यात शेवटी, नव्यात र् आधी. हे सगळे उलटसुलट करून घ्यावे लागले.

आणि त्यात एक चूक अशी निघाली, जी सर्व्हरवाल्याला दिसली नसती. रूपांतर करताना सगळे अर्धे र रफार झाले होते. एका ओवीतली बहीण डोंगरदऱ्यांपलीकडे नांदत होती. यंत्राने दऱ्यांचा दर्या केला आणि तिला समुद्रापार धाडले. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक आपण वर्गात विनोदाने सांगतो, इथे तो विनोद राहिला नव्हता. मी छापील प्रत घेऊन एकेक ओवी तपासली. त्यातही हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे. म्हणून 'वाऱ्यावर' शोधले की निम्म्या ओव्या सापडत आणि निम्म्या सापडत नसत. 'ॲ' या अक्षराचीही अशीच कथा. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढत, काही अजूनही काढतात. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून दिले, पण प्रमाण कागदावर असणे आणि आपल्या फाइलीत असणे या दोन गोष्टी आहेत.

हे काम दीड पावसाळा चालले. ओव्या वाचल्या. काही ठिकाणी छापील प्रतही पुसट होती. त्या ओळी गेल्या त्या गेल्या.

हे केवळ माझे दुखणे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि 2017 पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर लोकांसमोर येत आहेत. एवढा ठेवा टिकला याचे कारण गोळा करणाऱ्यांइतकेच तो संगणकात नीट मांडणाऱ्यांमध्येही आहे. आपल्या सीमाभागात किती प्राध्यापकांच्या कपाटांत, किती संस्थांच्या जुन्या संगणकांत असे मुखवट्यातले मराठी पडून आहे, याची प्रत्येकाने आपापल्या घरी मोजदाद करावी.

म्हणून तीन मागण्या करते. लेखकांना: तुमची जुनी फाइल आज घरी जाऊन उघडून पाहा. उघडत नसेल तर जुने यंत्र भंगारात घालण्याआधी रूपांतर करा, आणि ते भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. शिक्षकांना: अर्धा र, ॲ, वेलांटी यांचे हे प्रश्न शुद्धलेखनाच्या तासाला शिकवा. आता ते छपाईचे प्रश्न राहिलेले नाहीत, ते शोधण्या-सापडण्याचे प्रश्न आहेत. अकादमीला: कारखान्यांत, दवाखान्यांत, बँकांत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी स्वतःसाठी मराठीत लिहिलेल्या अशा वह्या असतील, त्या मागवा आणि छापा. त्यातली वाक्ये सुधारण्याची घाई करू नका.

विद्यार्थ्यांना मागणी नाही, एक माहिती आहे. आम्ही 2015 नंतर ज्या सर्व्हर 2012 च्या प्रणालीवर गेलो, तिचाही आधार 10 ऑक्टोबर 2023 रोजी संपला. पुन्हा स्थलांतर झाले. या वेळी ते त्या विद्यार्थ्याने केले नाही. त्याच्या हाताखालच्या मुलाने केले, तीच वही समोर ठेवून. जुन्या परीक्षा 2021 मध्येच बंद झाल्या होत्या, नव्या आल्या होत्या. म्हणून वहीच्या कोऱ्या पानांवर त्याने स्वतःच्या अक्षरात फरक लिहून काढला होता. तोही मराठीत.

या खेपेला मी फाइल उघडली. ओव्या जागच्या जागी होत्या. बहीण डोंगरदऱ्यांपलीकडेच नांदत होती.