सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांच्यातला करार

पापनाशमहून बोलतोय. आजचा विषय आहे पायथन भाषेतल्या वेब प्रोग्रॅमचा आणि सर्व्हरचा सांधा.

आमच्या गावावरून तंजावर–मायिलाडुतुरै रेल्वे जाते. पूर्वी ती मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांत अंतर १००० मिलिमीटर. ब्रॉड गेजचं अंतर १६७६. फौजेत सामान घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा. गेज बदललं की डबा पुढे जात नाही. सगळं उतरवा, दुसऱ्या गाडीत चढवा. माल तोच, हमाली दुप्पट.

२००३ साली पायथनवाल्यांची हीच गत होती. वेब प्रोग्रॅम लिहायला झोप (नावावर जाऊ नका!), क्विक्सोट, वेबवेअर अशा चौकटी पुष्कळ होत्या. पण चौकट निवडली की सर्व्हर कोणता चालेल तेही ठरून जायचं. हिशेब करा: पाच चौकटी, चार सर्व्हर, प्रत्येक जोडीला वेगळा सांधा म्हणजे वीस सांधे. सगळ्यांनी एकच माप मानलं, तर नऊ पुरतात.

जावावाल्यांकडे सर्व्हलेट नावाचं असं माप आधीच होतं. पायथनसाठी डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी मसुदा मांडला. नाव डब्ल्यूएसजीआय, उच्चार बरेच जण ‘व्हिस्की’ करतात. फौजी माणसाच्या ते लगेच लक्षात राहतं.

करार अगदी छोटा आहे. सर्व्हर तुमच्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी देतो: आलेल्या मागणीची सगळी माहिती, आणि उत्तर सुरू करायचं एक फंक्शन. प्रोग्रॅम त्या फंक्शनला सांगतो की काम झालं की नाही, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे. मग मजकूर तुकड्यातुकड्यांनी परत देतो. बस्स. आत काय करायचं, यात करार नाक खुपसत नाही. म्हणूनच तो सगळ्यांना मान्य झाला. २००७ मध्ये रुबी भाषेत रॅक आलं, २००९ मध्ये पर्लमध्ये पीएसजीआय आलं, दोन्ही याच वाटेनं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर गुनिकॉर्न या सर्व्हरवर चालतं. गुनिकॉर्न लिहिणाऱ्यांना जीएसटीचं बिल ठाऊक असायची गरज नाही, आणि मुंबईकरांना गुनिकॉर्न नव्यानं लिहायची गरज पडली नाही. मधे उभा आहे तो हा करार.

आता आपल्या अक्षरांचा प्रश्न. पायथन ३ आल्यावर २०१० मध्ये करार सुधारला गेला. त्यात ठरलं की पत्त्यातला प्रत्येक बाइट एका लॅटिन अक्षरासारखा पुढे द्यायचा. ‘पापनाशम’ लिहायला काना धरून सात खुणा लागतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकीचे तीन बाइट. म्हणजे पत्त्यात हे नाव आलं, तर प्रोग्रॅमच्या हाती एकवीस परकी अक्षरं पडतात. तमिळचंही तेच. जँगोसारखी चौकट ती आपोआप जुळवून घेते. पण चौकटीशिवाय लिहीत असाल, तर तुम्हालाच त्या अक्षरांचे पुन्हा बाइट करून यूटीएफ-८ म्हणून वाचावे लागतात. एका ओळीचं काम आहे. आमच्याकडच्या मराठी घरांतली मुलं आजीचे शब्द साइटवर चढवतात, तेव्हा याच ओळीवाचून शब्दाचं पान सापडत नाही, आणि मुलं कंटाळून शब्द इंग्रजी लिपीत लिहायला लागतात. असं होऊ देऊ नका.

या कराराला मर्यादाही आहे. एक मागणी, एक उत्तर, एवढंच त्यात बसतं. सतत उघडी राहणारी चॅटची जोडणी बसत नाही. त्यासाठी जँगोच्या मंडळींकडून एएसजीआय हा दुसरा करार आला. जुना मोडला नाही, शेजारी नवा रूळ टाकला.

तेव्हा पत्त्यातली अक्षरं बिघडलेली दिसली, तर मराठीला दोष देऊ नका. सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांच्यात काय ठरलंय ते आधी वाचा.